'पर्सिस्ट' आणि तिष्ठणं

२२ डिसेंबर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "बाबा, आता तुम्ही तरी तो शब्द काढू नका. पर्सिस्टन्स, पर्सिस्टन्स ऐकून वीट आलाय मला." मी 'बरं' म्हटलं आणि आपण कलमांना आलेल्या मोहरावर बोलायला लागलो. पण तो शब्द माझ्या मनातून गेला नाही. तुझ्या क्लासच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लावलाय हे तू मागेच सांगितलं होतंस. निकालाच्या दिवशी मामाने तोच पाठवला. आर्टिकलशिपच्या वेळच्या तुझ्या मॅडमनीही तोच ऐकवला. तिसऱ्यांदा सीएच्या परीक्षेचा ग्रुप राहिला, एका पेपरात चाळीसला दोन कमी पडले, आणि ज्याला त्याला तुला द्यायला हा एकच शब्द सापडला. तुला राग आला तो बरोबरच आहे. माणूस खाली बसलेला असताना त्याच्या हातात एक शब्द ठेवून निघून जायचं, हे मलाही आवडत नाही.

म्हणून मी तो शब्दच उघडून बघायचं ठरवलं. आपला जाडा इंग्रजी कोश तुला आठवतो ना? एसटीत कंट्रोलर झालो त्या वर्षी कोल्हापूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेला. त्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी चौकटी कंसात बारीक टायपात त्याचं मूळ दिलेलं असतं. नोकरीत असताना रात्रपाळीला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मी ते कंस वाचत बसायचो. 'पी'च्या पानांत खूण म्हणून तिकीट ट्रेमधलं एक पंच केलेलं जुनं तिकीट निघालं. ते बहुतेक तूच ठेवलेलं असणार, मी तिकिटाने कधी खूण करत नाही.

'पर्सिस्ट' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचे दोन तुकडे. पहिला 'पेर', म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. दुसरा 'सिस्तेरे', म्हणजे उभं राहणं, उभं करणं, थांबणं. एवढंच. पूर्ण होईपर्यंत उभं राहणं. ढकलणं नाही, धडका देणं नाही, दात-ओठ खाणं नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. मला इतकी वर्षं वाटत होतं की ह्या शब्दात कुठेतरी जोर लावणं असेल. त्यात जोर नाहीच. त्यात फक्त पाय जमिनीवर आहेत.

आणि मग 'सिस्तेरे'कडे बघता बघता मला शाळेतलं पाठांतर आठवलं. तिष्ठति, तिष्ठतः, तिष्ठन्ति. मनू, हे दोन्ही एकच आहेत. नुसते सारखे दिसतात असं नाही, एका घरातून बाहेर पडलेले आहेत. मूळ धातू तोच, जो आपल्याकडे 'स्था' झाला आणि लॅटिनमध्ये 'स्ता'. जुन्या भाषांची एक सवय होती: क्रिया चालू आहे, टिकून आहे हे दाखवायला धातूचं पहिलं अक्षर दोनदा म्हणायचं. 'दा'चं 'ददाति' होतं, 'धा'चं 'दधाति' होतं, तसं. 'स्था'चं दोनदा म्हणताना आपल्या बाजूने पहिल्या जागी 'त' ठेवला, म्हणून 'ति-ष्ठ'. लॅटिनने 'स' ठेवला, म्हणून 'सि-स्त'. ग्रीकांनी त्या 'स'चा 'ह' केला आणि त्यांचं 'हिस्तेमि' झालं. म्हणजे तुझ्या क्लासच्या भिंतीवर जो शब्द लावलाय त्याच्या पोटात आपलं 'तिष्ठ' बसलेलं आहे. पुढचा 'पेर'सुद्धा आपल्या 'परि'चा भाऊ लागतो. 'परि' आणि 'स्था' एकत्र आले की आपल्याकडे काय होतं? परिस्थिती! तेच दोन तुकडे. एका भाषेत त्यांतून टिकून राहणं झालं, दुसऱ्या भाषेत आपल्या भोवती जे उभं आहे ते झालं. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, मनूला सांगा.

काल सकाळी मी माझ्या संस्कृतच्या सरांकडे गेलो. ते आता नव्वदीकडे आले आहेत, ऐकायला कमी येतं, पण धातूचं नाव कानाशी मोठ्याने सांगितलं की चेहरा उजळतो. मी त्यांना हे द्वित्वाचं, म्हणजे अक्षर दोनदा म्हणण्याचं, सांगितलं. ते म्हणाले, आमच्या व्याकरणात 'तिष्ठति'ला द्वित्व म्हणत नाहीत. पाणिनीने 'स्था'च्या जागी 'तिष्ठ' येतो असा सरळ आदेश सांगून ठेवलाय. द्वित्व हा भाषांच्या इतिहासाचा हिशेब झाला, आणि तोही खराच. पण 'तस्थौ'मध्ये ते पाणिनीच्या नियमानेही आहे. 'तस्थौ' म्हणजे तो उभा राहिला. मग त्यांनी मला विचारलं, दोनदा म्हटलेल्या त्या अक्षरातल्या पहिल्या भागाला पाणिनी काय म्हणतो, आठवतं का? मला आठवलं नाही. ते म्हणाले, "अभ्यास."

मला काही क्षण बोलताच आलं नाही. तू शाळेत असताना मी रोज रात्री दारातून आत येताना विचारायचो, अभ्यास झाला का? त्या शब्दाचा व्याकरणातला अर्थ एवढाच, की तेच अक्षर पुन्हा म्हणणं. आणि हे पुन्हा म्हणणं म्हणजे शिक्षा नाही. 'तस्थौ' ह्या शब्दात पहिला 'त' काढून टाकलास तर शब्दच उरत नाही. पुन्हा म्हटल्यामुळे तो उभा आहे.

सर पुढे म्हणाले, आता पतंजलीकडे ये. योगसूत्रांत अभ्यासाची व्याख्या आहे: स्थितीसाठी केलेला यत्न तो अभ्यास. 'स्थिती', म्हणजे पुन्हा तोच 'स्था'. आणि लगेच पुढच्या सूत्रात सांगितलंय की हा अभ्यास पक्का कशाने होतो. दीर्घकाळ केल्याने, खंड न पाडता केल्याने आणि सत्काराने केल्याने. पहिल्या दोन गोष्टी तुला सगळेच सांगतात, क्लासवालेही सांगतात. तिसरी कोणी सांगत नाही. सत्कार म्हणजे आदराने, जीव लावून. जी गोष्ट करतोय तिच्याबद्दल मनात मान असला पाहिजे आणि करणाऱ्याबद्दलही. गेले सहा महिने तू स्वतःशी ज्या भाषेत बोलते आहेस ती मी फोनवर ऐकतोय. 'मी ढ आहे', 'माझ्याने होणार नाही', 'वर्षं फुकट गेली'. खंड पडलेला नाही तुझा, काळही थोडा झालेला नाही. मला कमी दिसतो तो सत्कार. हे बोलताना मला नीट मांडता येत नाही, म्हणून लिहितोय.

आता मराठीकडे बघ. 'तिष्ठणं' आपल्या मराठीत आजही आहे, पण त्याचे दिवस वाईट आले. आपण म्हणतो, 'दोन तास तिष्ठत ठेवलं', 'दारात तिष्ठत बसलो'. त्यात लाचारी आली, दुसऱ्याच्या मर्जीवर असणं आलं. तोच शब्द तिकडे गेला तर त्याचा मान वाढला, इथे घरात राहिला तर त्याला कोणी विचारेना. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. कारण त्याची बाकीची भावंडं आपल्याकडे किती मानाने वावरतात: निष्ठा, प्रतिष्ठा, आस्था, अनुष्ठान, स्थिर, संस्था. रोजचं 'उठणं'सुद्धा त्यांतलंच आणि 'ठेवणं'सुद्धा. पालखीचं प्रस्थान होतं तेव्हा निघण्याच्या त्या शब्दातही उभं राहणंच आहे. आणि जिथे माझी छत्तीस वर्षं गेली ते स्थानक. लोक त्याला स्टँड म्हणतात, आणि इंग्रजी 'स्टँड'चा धातूही हाच. म्हणजे फाट्यावरच्या पाटीवर 'बस स्थानक' लिहिलेलं असतं आणि रिक्षावाला 'स्टँड, स्टँड' ओरडत असतो, ते दोघे एकच शब्द म्हणत असतात, फक्त मध्ये काही हजार वर्षं गेलेली आहेत.

तू म्हणशील, मराठीत चिकाटी आहे, जिद्द आहे, मग ह्या जुन्या शब्दाचं एवढं काय? त्या दोन्ही शब्दांना मी कमी लेखत नाही. पण चिकाटी 'चिकटणं'मधून आली; तिच्यात सोडून न देणं आहे, पण जिथे चिकटलोय ती जागा बरोबर आहे की नाही हे ती विचारत नाही. जिद्द अरबीतून फारसीच्या वाटेने आली. तिकडे 'ज़िद्द' म्हणजे विरुद्ध, उलट. हिंदीत अजूनही 'ज़िद' म्हणजे हट्ट. मराठीने तिला चांगल्या घरी दिलं. पण मूळ स्वभाव राहतोच. जिद्दीला समोर कोणीतरी लागतो. कोणाला तरी दाखवून द्यायचं असतं. मामाला, मॅडमना, तुझ्याबरोबरच्या पास झालेल्या मुलींना. तशी जिद्द तू पहिल्या अटेम्प्टनंतर धरली होतीस, आणि ती तुला कशी आतून खात गेली हे मी पाहिलंय. उभं राहायला समोर कोणी लागत नाही.

इंग्रजीतला दुसरा शब्द 'पर्सिव्हिअरन्स'. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या गाडीला तेच नाव दिलंय, शाळकरी मुलांच्या निबंधांतून निवडून. त्याच्या पोटात लॅटिन 'सेवेरुस' आहे, म्हणजे कडक, कठोर. तोच 'सिव्हिअर'. तुला सध्या कठोरपणाची गरज नाही, तो तू स्वतःशी पुरेसा करते आहेस. पण त्या गाडीची एक गोष्ट मला आवडते. १८ फेब्रुवारी २०२१ला ती मंगळावर उतरली. ऑगस्टमध्ये तिने पहिल्यांदा खडकाला भोक पाडून नमुना घ्यायचा प्रयत्न केला. सगळं यंत्र नीट चाललं, नळी बंद करून आत घेतली, आणि नळी रिकामी निघाली. यंत्रात दोष नव्हता. खडकच इतका ठिसूळ होता की त्याचा भुगा झाला आणि नळीत काही राहिलंच नाही. मग त्यांनी काय केलं? त्याच खडकावर आणखी जोर लावला नाही. गाडी पुढे नेली, दुसरा घट्ट खडक शोधला आणि सप्टेंबरमध्ये नमुना मिळाला. तुझ्या त्या अडतीस मार्कांच्या पेपराकडे तू अजून असं बघितलेलं नाहीस. प्रत्येक वेळी तू तीच पुस्तकं, त्याच नोट्स, त्याच क्रमाने, फक्त जास्त तास लावून वाचल्यास. मला त्या विषयातलं कळत नाही. पण नळी रिकामी का निघाली हे आधी बघावं लागतं, एवढं कळतं.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी तुला अर्धीच माहीत आहे. तू दुसरीत होतीस त्या पावसाळ्यात मी एका रात्री घरी आलोच नाही, आणि आई तुला पोटाशी घेऊन दारात बसून होती, ती रात्र. वस्तीची गाडी संध्याकाळी सहाला सुटली होती. वाटेत कॉजवेवरून पाणी जायला लागलं होतं. तेव्हा ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातात फोन नव्हते. गाडी पोचल्याचा निरोप आला नाही, तेव्हा मी ड्युटी संपूनही केबिनमध्ये बसून राहिलो. नंतर कळलं ते असं. साडेसात वाजता गाडी कॉजवेच्या अलीकडे थांबली. आत बत्तीस माणसं. पोरं ओरडत होती, एकदोघे म्हणत होते, काढा हो गाडी, चाकाएवढंच तर पाणी आहे. ड्रायव्हर काही बोलला नाही. गाडी बंद करून, टॉर्च घेऊन खाली उतरला आणि कॉजवेच्या कडेला जे दगड लावलेले असतात त्यांच्याकडे बघत पावसात उभा राहिला. किती दगड दिसतात, किती बुडाले. आधी पाच दिसत होते, मग तीन झाले, मग एकच. अकरा वाजता तो एकही दिसेना. त्या वेळी गाडी घातली असती तर काय झालं असतं हे लिहायची गरज नाही. कंडक्टरने जवळच्या वाडीतून माणसांसाठी चहा आणवला. एक वाजता एक दगड वर आला. मग दुसरा. सव्वादोनला पाचही दिसले आणि गाडी पार झाली. पहाटे निरोप मिळाला.

दुसऱ्या दिवशी तो सही करायला आला तेव्हा मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तो ओशाळला आणि म्हणाला, "साहेब, मी कायच करूक नाय, नुसतो उभो रवलंय."

त्या रात्रीच्या नोंदीत मी माझ्या हाताने लिहिलं होतं: 'कॉजवेवर पाणी, गाडी उभी.' इतकी वर्षं मला ती नोंद खोळंब्याची वाटत होती. परवा कोश उघडला तेव्हा कळलं की पर्सिस्ट ह्या शब्दाचं मराठी भाषांतर मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. तो माणूस झोपला नाही, परत फिरला नाही, पाण्यात शिरलाही नाही. तो दगड मोजत उभा होता. गाडी बत्तीस माणसांसकट पलीकडे गेली.

अजून एका उभ्या माणसाबद्दल लिहितो, मग पुरे. मडगावला मावशीकडे गेलो होतो तेव्हा आपण राशोलला गेलो होतो, ज्याला तिकडचे लोक रायतूर म्हणतात. मोठी पांढरी इमारत, जाड भिंती, तू तिथल्या जिन्यात बसून शहाळं मागत होतीस. तिथल्या छापखान्यात १६१६ साली फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. मराठीत, ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. लिहिणारा इंग्रज होता. तो २४ ऑक्टोबर १५७९ला गोव्यात उतरला तेव्हा त्याला इथल्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. उतरल्यापासून ते पुराण छापून होईपर्यंत सदतीस वर्षं गेली. इथली भाषा कानाने शिकायची, ओवीची लय अंगात मुरू द्यायची, ह्याला दुसरा रस्ताच नाही. त्याने मराठीची थोरवी गाताना म्हटलंय की हरळांत जसं रत्न, रत्नांत जसा निळा हिरा, तशी भाषांत मराठी. हरळ म्हणजे तांदळातला खडा, तुला निवडायला लावायचो तो. आणि मजा बघ, सध्या चिकाटीसाठी जो 'ग्रिट' शब्द सगळीकडे चाललाय, त्याचा जुना अर्थ हरळ हाच: वाळू, बारीक खडी.

त्या काळात गोव्याच्या साष्टीत देवळं पाडली गेली, माणसांवर जबरदस्ती झाली, आणि स्टीफन्स ज्या पंथाचा होता तो त्या पोर्तुगीज राजवटीबरोबरच होता. ते मला विसरता येत नाही आणि तूही विसरू नकोस. तरी त्याने भाषेपुढे जे केलं तेही खरं आहे. १५८३ साली त्याने आपल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात इतर गोष्टींबरोबर सहज लिहिलं की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. एका घरगुती पत्रातली एक ओळ. कोलकात्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं आणि जगाने ते ऐकलं, ते साल १७८६. मध्ये दोनशे तीन वर्षं. ती ओळ तेवढा काळ एका पत्रात उभी होती. 'सिस्तेरे' आणि 'तिष्ठति' एकाच घरातले आहेत असं मी आज तुला खात्रीने लिहू शकतो, त्याची पहिली चाहूल गोव्यातल्या माणसाला लागली होती, आपल्या घरापासून एका दिवसाच्या वाटेवर.

आज बावीस डिसेंबर. सकाळी मी खळ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. गेले आठ-दहा दिवस बघतोय, सूर्य समोरच्या डोंगरावर त्याच एका फणसाच्या शेंड्यामागून वर येतो. ऑक्टोबरात तो रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत होता, आता सरकणं थांबलंय. इंग्रजीत ह्या दिवसाला 'सोल्स्टिस' म्हणतात. 'सोल' म्हणजे सूर्य, आणि पुढचा 'स्टिस' पुन्हा त्याच 'सिस्तेरे'मधून. सूर्याचं उभं राहणं. आपण ह्यालाच अयन म्हणतो, म्हणजे चालणं, कारण आपलं लक्ष तो वळून निघतो तिकडे आहे. रोमन लोकांचं लक्ष तो थबकतो तिकडे गेलं. दोघांनीही एकच सूर्य पाहिला. थोड्याच दिवसांत तो फणस सोडून डावीकडे निघेल, पण आज विचारशील तर तो हललेला दिसत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे. पुढच्या अटेम्प्टचा फॉर्म भरू की नको, हे तू मला दोनदा विचारलंस आणि मी दोनदा टाळलं. त्या कोशात 'पर्सिस्ट'च्या बाकीच्या भावंडांचीही पानं मी बघितली. 'रेझिस्ट' म्हणजे उलट उभं राहणं. 'इन्सिस्ट' म्हणजे एखाद्या गोष्टीवर पाय रोवून उभं राहणं. तो वाचताना मला पंढरपूरची वीट दिसली, आणि तू ज्या विटेबद्दल म्हणालीस तीही आठवली. 'एक्झिस्ट' म्हणजे बाहेर येऊन उभं राहणं, नुसतं असणं. आणि 'डिझिस्ट'. म्हणजे बाजूला होऊन उभं राहणं, थांबणं. मनू, तोही त्याच घरातला आहे. तू नीट विचार करून बाजूला झालीस तर ते पडणं नव्हे. ड्रायव्हर त्या रात्री गाडी मागे घेऊन परत आला असता तरी मी त्याचे हात तसेच हातात घेतले असते, फक्त त्याने दगड बघून तसं ठरवलेलं असायला हवं होतं. घाबरून नाही आणि कोणी मागून ओरडतंय म्हणून नाही. त्यामुळे फॉर्म भर किंवा भरू नकोस. पण आधी चार दिवस दगड मोज. त्या दोन मार्कांचा पेपर घेऊन बस आणि कुठे भुगा झाला ते बघ. ते बघून झालं की तुला जे वाटेल ते मला मान्य असेल, आणि आईलाही. हे मी तिला विचारून लिहितोय.

पैशाची काळजी करू नकोस. क्लासची फी भरून झालेली आहे आणि पेन्शन वेळेवर येते. खोलीचं भाडं पुढच्या महिन्याचंही मीच पाठवतो, तू त्यासाठी दुसरं काम धरू नकोस.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघ. चार दिवस इथेच ये, पेपर बरोबर घेऊन ये. माडीवरची खोली आईने झाडून ठेवलीय, टेबल खिडकीपाशी सरकवलंय, तिथून तो फणस दिसतो. आजीचं लोणचं शेवटच्या बरणीत आहे, ती तुझ्यासाठी न फोडता ठेवलीय. हो, एक भावंड सांगायचं राहिलं. 'असिस्ट'. मदत करणं असं आपण शिकतो, पण मूळ अर्थ एवढाच की जवळ येऊन उभं राहणं. मला तुझ्या विषयातलं एक गणित येत नाही, तेव्हा मला जमण्यासारखं हेच आहे.

गाडी पहाटे पावणेसहाला लागते. घाटात धुकं असलं तर साडेसात होतात, मला सवय आहे. नवीन कंट्रोलर मला केबिनमध्ये खुर्ची देतो, पण मी बाहेर फलाट तीनवरच तिष्ठेन. तिथून वळणावरून आत येणारी गाडी आधी दिसते.

तुझा,
बाबा

ता. क. : स्वेटर घाल. आणि कोशातलं ते तिकीट मी परत होतं तिथेच ठेवलंय.